बॉनेटखालचा उंदीर आणि भिंतीकडेची वाट

गेल्या डिसेंबरात एके दिवशी पहाटे पावणेपाचच्या सुमारास आईला धाप लागली. तिला दवाखान्यात न्यावे म्हणून मी घाईने गाडी सुरू केली, तर इंजिन चालू होताच सगळी गाडी थरथरू लागली, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला आणि कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी फाटकाबाहेरचा छोटासा चढ चढेना. शेवटी शेजारच्या तात्यांनी आपल्या मुलाला उठवले, त्याने रिक्षा काढली आणि आम्ही वेळेत पोहोचलो. दुपारपर्यंत आईला आराम पडला व संध्याकाळी तिला घरी आणले. परंतु आदल्या रात्री नऊ वाजता व्यवस्थित चालवत आणून लावलेली गाडी आठ तासांत निकामी कशी झाली, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

आम्ही कोल्हापुरातील कसबा बावड्यात राहतो. घराच्या मागच्या कुंपणभिंतीला लागूनच उसाचा फड आहे आणि त्या आठवड्यातच तोडणीची टोळी येऊन तो ऊस तुटला होता. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे मला तेव्हा वाटले नव्हते. शिवाजी उद्यमनगरातील माझ्या ओळखीचे वायरिंगचे मिस्त्री दुसऱ्या दिवशी घरी आले, त्यांनी बॉनेट उघडले आणि स्कॅनर लावण्याआधीच बॅटरीकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, ह्यो उंदराचा कारभार हाय. बघा की, संसार मांडलाय त्यानं."

बॅटरीच्या ट्रेवर उसाची चघळलेली चिपाडे, शेंगदाण्याची टरफले, खोबऱ्याच्या वाटीचा एक तुकडा आणि काळ्या लेंड्या पडल्या होत्या. बॉनेटच्या आतल्या बाजूचे जाड पॅड एका कोपऱ्यात कुरतडून त्याचा कापूस इंजिनाच्या मागच्या खळग्यात गोळा करून ठेवलेला होता. मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, टॉर्च धरला आणि पहिल्या इंजेक्टरकडे, म्हणजे सिलिंडरला पेट्रोल पुरवणाऱ्या भागाकडे, जाणारी वायर बोटाने वर उचलून दाखवली. तिचे प्लॅस्टिकचे आवरण बोटभर लांबीत सोलून निघाले होते, आतील तांबे नव्या नाण्यासारखे चकचकीत दिसत होते आणि जिथे तांबे तुटले होते तिथे शेजारी शेजारी दोन बारीक खाचा होत्या. त्या खाचा म्हणजे उंदराचे पुढचे दोन दात. तीन सिलिंडरांपैकी एकाला पेट्रोलच मिळत नव्हते, म्हणून गाडी थरथरत होती. असा लुकलुकणारा पिवळा दिवा दिसला तर गाडी रेटून चालवू नये, हेही मिस्त्रींनी त्या वेळी सांगितले. मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न पेटणे, ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या बाजूचा असेल तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात जाते, तो भलताच तापतो आणि वायरीच्या कितीतरी पट महाग असलेला तो भाग बाद होतो.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत मी या विषयात जे पाहिले, वाचले आणि करून बघितले, ते येथे सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण आमच्या गल्लीतच या हंगामात आणखी दोन गाड्यांचे वायरिंग तुटले आणि दोघांनीही सुरुवातीला मी केल्या त्याच चुका केल्या.

उंदीर वायर खातो, असे आपण म्हणतो, पण वायरीने त्याचे पोट भरत नाही. उंदीर, घूस, खार या सर्व कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवत ठेवले नाहीत तर त्याला खाणेच अशक्य होते. शिवाय या दातांच्या फक्त पुढच्या बाजूस कठीण एनॅमल असते, मागची बाजू मऊ असल्यामुळे ती आधी झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार आपोआप येत राहते. अशा प्राण्याला पेन्सिलीएवढ्या जाडीची, किंचित मऊ, दाताखाली नीट बसणारी वस्तू मिळाली की ती तो कुरतडणारच, मग ती वायर असो, वायपरच्या पाण्याची नळी असो किंवा पेट्रोलचा रबरी पाइप असो. अलीकडच्या गाड्यांच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला घटक असतो म्हणून उंदीर त्यांच्याकडे ओढले जातात, अशी एक समजूत सर्वत्र पसरलेली आहे आणि अमेरिकेत त्यावरून वाहन कंपन्यांवर खटलेही भरले गेले. मला मात्र ते कारण अपुरे वाटते, कारण सोयाबीनचा प्रश्नच नव्हता त्या काळातील गाड्यांच्या, घरांच्या आणि शेतपंपांच्या वायरीही उंदरांनी तितक्याच आवडीने कुरतडल्या आहेत.

खरे आकर्षण वायरीचे नसून जागेचे आहे. नुकतीच चालवून आणलेली गाडी रात्री बराच वेळ ऊबदार राहते. बॉनेटखाली अंधार असतो, वरून छप्पर असते, घुबड आत शिरू शकत नाही आणि घरटे करण्यास पॅडचा कापूस आयताच मिळतो. घूस जमिनीखाली बिळे करणारी, तिला चढणे फारसे जमत नाही. काळा घरउंदीर मात्र चढण्यात अत्यंत तरबेज असतो आणि टायरवरून ॲक्सलवर व तेथून इंजिनाकडे जाणे त्याच्या दृष्टीने जिना चढण्याइतके सोपे असते. गाडी रोज चालत असेल तर तो येऊन खाऊन जातो. ती आठ-दहा दिवस एकाच जागी उभी राहिली तर तो तिथे घरटे करतो आणि उंदराच्या मादीचे दिवस अवघ्या तीन आठवड्यांत भरतात, हे लक्षात घेतले म्हणजे परगावी जाताना गाडी महिनाभर तशीच लावून ठेवण्याचा धोका ध्यानात येईल.

वायर जोडून मिळाल्यावर मी पहिले काम केले ते सर्वजण करतात तेच. निपाणी आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर असल्याने चांगल्या कडक तंबाखूच्या पानांना आमच्याकडे तोटा नाही. ती पाने मलमलच्या कापडात बांधून चार पुरचुंड्या बॉनेटखाली ठेवल्या. वास कडक होता तोवर, म्हणजे साधारण दहा दिवस, काही झाले नाही. नंतर इंजिनाच्या उष्णतेने पाने भुकटीसारखी कोरडी झाली आणि वास उडून गेला. तंबाखू ठेवायचीच असेल तर दर आठवड्याला बदलावी आणि एक्झॉस्टच्या लोखंडी नळीपासून लांब, प्लॅस्टिकच्या झाकणापलीकडे बांधावी, कारण कोरडे पान आणि तापलेले लोखंड यांची गाठ पडणे बरे नव्हे. मिरचीपूड पाण्यात कालवून फवारणे, पेपरमिंटचे तेल, कापूर, फिनेल या सर्वांची गतही तशीच आहे. जपानच्या होंडा कंपनीने मिरचीतील तिखट घटक, म्हणजे कॅप्सेसिन, लावलेली वायरींवर गुंडाळण्याची चिकटपट्टी बाजारात आणलेली आहे, त्यावरून कल्पना चुकीची नाही हे दिसते. परंतु पट्टीवरचे तिखट दाताला लागते, हवेत उडून जात नाही. उघड्यावर फवारलेले तिखट मात्र पहिल्या पावसात धुऊन जाते.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मी जरा कडक शब्दांत लिहितो, कारण ती चूक माझ्याही हातून झाली. त्या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असते आणि त्याची वाफ हळूहळू हवेत मिसळत राहते. गाडीच्या एसीसाठी बाहेरची हवा आत घेणारे तोंड पुढच्या काचेच्या खालीच असते, त्यामुळे बॉनेटखालच्या गोळ्यांचा वास थेट आत बसलेल्यांच्या नाकात जातो. आधीच धाप लागणाऱ्या आईला त्या वासात बसवून मी दोनदा दवाखान्यात नेले, ही गोष्ट मला आजही टोचते. लहान मुलांच्या बाबतीत तर हा पदार्थ रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करू शकतो. गोळ्या ठेवू नयेत.

बॅटरीला जोडायचे, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारे एक यंत्रही मी आणले. अशा यंत्रांच्या जाहिरातींतील दाव्यांना शास्त्रीय आधार असला पाहिजे, अशी ताकीद अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच अनेक उत्पादकांना दिली होती, हे मला नंतर वाचनात आढळले. इतक्या उंच पट्टीचा आवाज कोणत्याही आडोशाने अडतो, थोड्या अंतरातच क्षीण होतो आणि उंदीर काही दिवसांत त्याला सरावतात. माझ्या यंत्राचा निळा दिवा रोज रात्री इमानाने चमकत होता आणि जानेवारीच्या अखेरीस त्याच यंत्रापासून वीतभर अंतरावरची वायपरच्या पाण्याची नळी तुटलेली सापडली.

त्या दिवशी मी गाडीत काही ठेवण्याचा विचार सोडला आणि उंदीर कुठून येतो हे पाहायचे ठरवले. पत्नीने उपाय सुचवला, "पीठ नका टाकू, ते खायला येतील. रांगोळी टाका." रांगोळी म्हणजे दगडाची पूड, तिच्यात खाण्यासारखे काही नाही. रात्री साडेनऊ वाजता आम्ही दोघांनी गाडीच्या चारही चाकांभोवती आणि कुंपणभिंतीच्या पायथ्याशी चाळणीने रांगोळीचा पातळ थर पसरला. सकाळी सहाला टॉर्च घेऊन खाली वाकलो, तेव्हा सगळा मार्ग जणू लिहून ठेवलेला होता. पुढच्या पायाची चार बोटे, मागच्या पायाची पाच बोटे आणि मधून शेपटी ओढल्याची बारीक रेघ, अशी पावले मागच्या भिंतीतील मोरीच्या तोंडापासून निघून, भिंतीला अगदी चिकटून, तात्यांच्या गोठ्याच्या बाजूला असलेल्या पोत्यांपाशी गेली होती. तेथून परत भिंतीकडेनेच येऊन ती गाडीच्या डाव्या पुढच्या चाकापाशी संपत होती. अंगणाच्या मधोमध एकही पाऊल नव्हते. उंदराची नजर अधू असते, तो मिशा आणि अंग भिंतीला घासत, मुताच्या वासाने आखलेल्या नेहमीच्या वाटेने फिरतो, हे पुस्तकात वाचलेले होते. येथे ते पांढऱ्या रेघेत डोळ्यांसमोर होते.

मी तात्यांना हाक मारली. त्यांच्या म्हशीसाठी आणलेल्या सरकी पेंडीच्या दोन पोत्यांना खालच्या कोपऱ्यात मुठीएवढी भोके पडली होती. तात्या खाली बसून बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आरं तिच्या! म्हंजे माझ्याच पेंडीवर पोसल्यात, आन् वस्तीला तुमच्या गाडीत." त्याच दिवशी त्यांनी झाकणाचे पत्र्याचे पिंप आणले. आमच्याकडून मी मोरीच्या तोंडाला जाळी बसवली, भिंतीकडेला रचलेले जुने प्लायवूड, फुटक्या कुंड्या आणि एक टायर काढून टाकला आणि रात्री कुत्र्याच्या ताटलीत उरणारी भाकरी उचलून ठेवण्याचा नियम केला. गाडी पूर्वी भिंतीपासून एका वितीवर लावत होतो, ती आता अंगणाच्या मधोमध, सर्व बाजूंनी तीन-चार हात मोकळी जागा ठेवून लावतो. मोकळ्यावरून धावत येणे उंदराला जिवावरचे वाटते, कारण तिथेच मांजर आणि गव्हाणी घुबड त्याची वाट पाहत असतात. आजवरच्या सर्व उपायांत या एका बदलाने, ज्याला एक पैसाही लागला नाही, मला सर्वाधिक गुण आला, असे मी खात्रीने म्हणू शकतो.

जाळीच्या भोकाचे माप मात्र नीट पाहावे. लहान पिटुकला उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत शिरतो, म्हणून सहा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक भोकांची, गॅल्व्हनाइझ केलेली वेल्डेड जाळी घ्यावी. प्लॅस्टिकची मच्छरजाळी त्याला एका रात्रीचेही काम नाही. हीच जाळी मिस्त्रींनी काचेखालच्या हवेच्या तोंडावरही बसवून दिली, कारण एसीच्या फिल्टरमध्ये उंदराने घरटे केले की गाडीत येणारी दुर्गंधी कशानेही जात नाही. इंजिनाखालून येणारी संपूर्ण वाट जाळीने बंद करण्याचा आग्रह मी धरला होता, पण त्यांनी तो मानला नाही. रेडिएटरची हवा अडता कामा नये आणि फिरत्या पट्ट्याजवळ सुटी जाळी असता कामा नये, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते. त्याऐवजी इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि चाकांच्या एबीएस सेन्सरकडे जाणाऱ्या उघड्या वायरींवर त्यांनी चीर दिलेली पन्हळी नळी चढवली. ही नळीही उंदीर कुरतडू शकतो, परंतु तिची जाडी दातात नीट बसत नाही आणि आतील वायरीपर्यंत पोहोचण्याआधी निदान आपल्याला खुणा दिसतात.

तुटलेली वायर जोडण्याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. दोन टोके पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळणे हे काम पाच मिनिटांचे असते आणि ते तेवढेच टिकते. इंजिनाच्या उष्णतेने पट्टीचा डिंक वितळतो, पावसाळ्यात पाणी शिरते, तांब्याला हिरवा गंज चढतो आणि मग दिवा कधी लागतो, कधी जातो, असा न सापडणारा दोष मागे लागतो. सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवून घ्यावी, त्यासाठी दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. पिवळ्या आवरणातील एअरबॅगच्या वायरींना आणि विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीतील जाड नारिंगी केबलला मात्र कोणत्याही परिस्थितीत स्वतः हात लावू नये. नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो. तसेच सकाळी गाडीपाशी पेट्रोलचा वास आला, तर किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडून पाइप पाहावा. कुरतडलेला पेट्रोलचा पाइप, उघडे पडलेले तांबे आणि कापसाचे घरटे ही तिन्ही एका जागी असतील तर गाडीला आग लागण्यास आणखी काही लागत नाही.

उंदीर पकडण्यासाठी मी पिंजरा वापरला, विष वापरले नाही. पिंजरा भिंतीला लागून ठेवला आणि पहिल्या तीन रात्री त्याचे दार तारेने बांधून उघडेच ठेवले, कारण उंदीर नवीन वस्तूला घाबरतो आणि पहिल्या दिवशी लावलेला पिंजरा बहुधा रिकामाच राहतो. चौथ्या रात्री भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा तारेला बांधून पिंजरा लावला आणि आठवड्यात चार उंदीर सापडले. विषाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बाजारात मिळणाऱ्या ब्रोमाडायोलोनसारख्या औषधाने उंदराच्या रक्ताची गोठण्याची शक्ती जाते आणि तो काही दिवसांनी मरतो, पण तेवढ्या दिवसांत तो मांजराच्या किंवा घुबडाच्या तोंडी लागला तर विष त्यांच्याही पोटात जाते, म्हणजे जे आपले काम फुकट करत आहेत त्यांनाच आपण मारतो. मेलेला उंदीर नेमका डॅशबोर्डमागे सापडण्याची शक्यताही असतेच. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये, कारण ती चुकून लहान मुलाच्या पोटात गेली तर तिच्यावर उतारा नाही. गोंदाचे पुठ्ठेही मी आणले नाहीत. त्यावर जिवंत चिकटून दोन दिवस तडफडणारा जीव पाहण्याची माझी तयारी नाही.

लेंड्या आणि घरटे काढताना ते कोरडे झाडू नये. हातमोजे व मास्क घालून, त्यावर ब्लीचिंगचे पातळ पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने उचलावे. पावसाळ्यात उंदराच्या मुतातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आपल्या भागाला नवीन नाही. ज्यांनी २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी गाठते तेव्हा नदीकाठची बिळे आधीच बुडालेली असतात आणि तेथील उंदीर-घुशी वरच्या वस्तीकडे निघालेल्या असतात. त्या दिवसांत उंचावर नेऊन लावलेल्या गाड्या पाणी ओसरेपर्यंत तशाच उभ्या असतात, म्हणून रोज एकदा तरी तेथे जाऊन बॉनेट उघडावे आणि इंजिन थोडे चालवावे.

विम्याची बाजू थोडक्यात सांगतो. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर उंदराच्या नुकसानीचे काही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात ते बहुधा मिळते, पण दुरुस्ती करण्याआधी कंपनीला कळवून फोटो व सर्व्हे झालेला असावा. प्लॅस्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्यातील पहिले १००० रुपये आपणच भरायचे असतात आणि वर्षानुवर्षे साठलेला, ५० टक्क्यांपर्यंत जाणारा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, एका दाव्याने जातो. माझे बिल दोन हजारांच्या आत होते, म्हणून मी दावा केला नाही. संपूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलावा लागला असता तर अवश्य केला असता.

आता माझा रोजचा क्रम ठरलेला आहे. पावसाळा सोडून इतर दिवसांत रात्री बॉनेट उघडेच ठेवतो, कारण उजेड आणि वारा लागलेली जागा उंदराला घरासारखी वाटत नाही. ज्यांच्या गाडीत बॉनेटखाली दिवा असतो त्यांनी तो मात्र काढून ठेवावा, अन्यथा बॅटरी उतरेल. दर रविवारी टॉर्च घेऊन बॅटरीचा ट्रे, पॅडचे कोपरे आणि इंजेक्टरच्या वायरी पाहतो. महिन्यातून एकदा रांगोळी पसरतो.

गेल्या आठवड्यात शिरोळ तालुक्यातील माझ्या मावसभावाचा फोन आला. कारखान्याचा हंगाम संपल्यापासून त्याचा ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीला लावून उभा आहे आणि आता स्टार्टर घेत नाही. मी त्याला म्हटले, "दादा, मिस्त्रीला बोलवायच्या आधी आज रात्री चाकांभोवती रांगोळी टाक आणि सकाळी मला फोटो पाठव." फोटोत पावले स्पष्ट दिसत होती. ती सरळ मक्याच्या कणगीकडे जात होती.